साडेसात वर्षांचा लेक, ओली गादी आणि लंडनची जाऊबाई

नवतपा | ९ एप्रिल, रात्री ११:५०

घरचे सगळे झोपल्यावर लिहून राहिले आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक साडेसात वर्षांचा. दिवसा काही त्रास नाही, शाळेत नाही, खेळताना नाही. रात्री मात्र आठवड्यातून चार-पाच वेळा गादी ओली. सलग महिनाभर कोरडा गेला असं जन्मापासून झालेलं नाही. घरी आम्ही त्याचं बस्तान बसवलंय. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, उशाशी धुतलेली चड्डी. ओलं झालं की तो स्वतःच उठतो, चड्डी बदलतो, चादर बालदीत टाकतो आणि माझ्या पांघरुणात शिरतो. सकाळी कोणी अवाक्षर काढत नाही. नागपूरच्या उन्हात चादर गच्चीवर टाकली की अर्ध्या तासात पापड होते, त्यामुळे शेजाऱ्यांनाही पत्ता नाही.

आता अडचण. १४ मेला आम्ही लंडनला निघतोय, एकोणीस रात्री. मोठे भासरे आणि जाऊबाई तिथे असतात. पहिल्या बारा रात्री त्यांच्याकडे, मग चार रात्री एडिंबरात हॉटेल, मग पुन्हा त्यांच्याकडे तीन. सोबत सासूबाई. जाऊबाईंचं घर मी फोटोतच पाहिलंय. पांढरा गालिचा, पांढऱ्या गाद्या, पांढऱ्या रजया. त्यांना दोन मुलं, दहा आणि बारा वर्षांची. "तिघं एकाच खोलीत झोपतील, धमाल करतील," असं त्या फोनवर म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

विमान नागपूरहून दोहा आणि तिथून लंडन. पहाटेचं आहे, म्हणजे रात्री एकच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर पोचायचं. तो झोपेतच असणार. विमानात काय करायचं, लोकांच्या घरी काय करायचं, हॉटेलच्या गादीचं काय, औषध असतं म्हणतात ते द्यावं का, सगळंच विचारायचंय. मागे एका डॉक्टरांनी "आईच्या लाडानं होतं हे" म्हणून वाटेला लावलं, तेव्हापासून कुठे गेलेच नाही.

आज जेवताना तो म्हणाला, "आई, मी तिथे झोपणारच नाही. एकोणीस रात्री जागीन." म्हणून हा धागा.

---

तर्रीपोहा | १० एप्रिल, सकाळी ७:१५

एकोणीस रात्री कोणतंच पोट्टं जागत नाही जी. आमचं दहाव्या मिनिटाला घोरते.

विमानापुरतं सांगतो, आमच्या मोठीला हाच प्रकार होता, दुबईला गेलो होतो. विमानात पॅन्टवाला डायपर घालून वरून काळी ट्रॅकपँट. काळीच, राखाडी नको, राखाडीवर थेंब पडला तरी नकाशा दिसतो. मुलाचे दोन जोड कपडे हातातल्या बॅगेत, हे सगळेच सांगतात. आईचाही एक जोड ठेवा, हे कोणी सांगत नाही. पोट्टं झोपते आईच्या मांडीवर. आमची बायको शारजापर्यंत ओल्या सलवारीत बसून होती, अजून ऐकवते.

---

सावली_२ | १० एप्रिल, सकाळी ९:०२

वाचतेय.

---

महालची_आजी | १० एप्रिल, दुपारी १२:३०

बाळा, काळे तीळ आणि गूळ कुटून लाडू कर, रोज सकाळी एक. आमच्या घरात तीन पिढ्या हेच दिलं. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. आणि रात्री अकराला उचलून मोरीत उभा करायचा, झोपेत का होईना करून घेतो. आयुर्वेदात याला शय्यामूत्र म्हणतात, म्हणजे हे काही आजकालचं नाही. पोराला बोलू नको मात्र. माझ्या धाकट्या दिराला सासरे बोलायचे, तो मोठा झाला तरी पाहुण्यांच्या घरी मुक्काम करत नसे.

---

बर्डीवाला | १० एप्रिल, रात्री १०:४०

हे मी कधीच कुठे लिहिलेलं नाही. नाव खोटं आहे म्हणून लिहितो.

सहावीत असताना शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली. दोन रात्री. मी घरून ठरवून गेलो होतो की झोपायचं नाही. तुमच्या लेकासारखंच. डिसेंबर होता. सगळी मुलं एका लांबट खोलीत ओळीनं सतरंज्यांवर झोपली आणि मी बाहेरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. सरांना वाटलं घरची आठवण येते, त्यांनी शाल दिली. चारच्या सुमारास आत जाऊन भिंतीला टेकलो, पाचच मिनिटं म्हणून. जाग आली तेव्हा व्हायचं ते झालं होतं.

मी काय केलं, उशाशी पाण्याची बाटली होती ती उघडली आणि पूर्ण अंगावर ओतून घेतली. शालीवर, सतरंजीवर, शेजारच्याच्या पांघरुणावरही थोडी. मग ओरडलो, "अरे बाटली सांडली!" थंडीनं दात वाजत होते आणि सगळे हसत होते. त्या हसण्यानं मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू, कारण ते बाटलीला हसत होते.

आठवीत आपोआप थांबलं. बायकोला सांगितलं लग्नानंतर अकरा वर्षांनी.

नवतपा ताई, गालिच्याचं नंतर पाहा. त्याच्या मनात आत्ता बाटलीचाच विचार चालू असणार. काय करायचं ते त्याला आधी माहीत हवं. कुठे बदलायचं, ओले कपडे कुठे टाकायचे, कोणाला उठवायचं. मला त्या रात्री एवढंच कोणी सांगायला हवं होतं.

---

चांदणवेल | ११ एप्रिल, दुपारी ३:२०

लहान मुलांची डॉक्टर आहे, पण इथे तपासत नाहीये हे लक्षात असू द्या.

आधी ते लाडाचं खोडून काढते. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांची गादी रात्री ओली होते, सात वर्षांच्या शंभरांत आठ-दहा जणांची. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त. काही न करताही दरवर्षी यातली पंधरा टक्के मुलं आपोआप सुटतात. तुमच्या लेकाच्या वर्गात पन्नास मुलं असतील तर तो एकटा नाही, बाकीच्यांच्याही आया चादरी गच्चीवरच टाकत असणार.

रात्री मेंदूतून एक संप्रेरक जास्त सुटतं, व्हॅसोप्रेसिन, ते मूत्रपिंडाला सांगतं की आता कमी बनव. काही मुलांत ते रात्री पुरेसं वाढत नाही. काहींची लघवीची पिशवी लहान असते. वय अधिक एक, गुणिले तीस, इतके मिलिलिटर म्हणजे साधारण अपेक्षित माप. तुमच्याकडे अडीचशेच्या आसपास यायला हवं, दिवसा दोन-तीनदा एका वेळची लघवी मापून बघा. आणि तिसरी गोष्ट, पिशवी भरल्याचा निरोप पोचूनही जाग येत नाही. यात लाड कुठे आले? घराण्यातही येतं. आईबाबांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर, दोघांना असेल तर पंच्याहत्तरच्याही वर. घरात चौकशी करा, कोणीतरी निघेलच.

दिवसाही थेंब-थेंब, जळजळ, सहा महिने कोरडं राहून अचानक पुन्हा सुरू, खूप तहान आणि वजन उतरणं, यातलं काही असेल तर प्रवासाचं नंतर, आधी लघवी आणि साखर तपासा. रोज घोरत असेल तर टॉन्सिल, अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) दाखवा.

आणि पोट. हे कोणी विचारतच नाही. शौचाला कडक होत असेल तर भरलेलं आतडं पुढच्या पिशवीला दाबतं. परदेशात ब्रेड, चीज, बिस्किटं, पाणी कमी, अनोळखी संडास म्हणून दाबून ठेवणं, तिसऱ्या दिवशी पोट गच्च आणि गादी रोज ओली. काकडी, फळं, पाणी दिवसा भरपूर.

पाण्याबद्दल आजींशी थोडं भांडते. सातनंतर बंद म्हणून दिवसभर पोराला कोरडं ठेवू नका, विशेषतः मे महिन्यात नागपुरात. सकाळी आणि दुपारी मिळून बहुतेक पाणी पोटात गेलं पाहिजे, म्हणजे संध्याकाळी तहान आपोआप कमी लागते. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते आणि खेळून आल्यावर मूल माठाला तोंड लावतं, खरा घोळ तिथे आहे. चहा, कोला, चॉकलेटचं दूध रात्री नको. तीळगूळ द्या की, चांगलं खाणं आहे, पण त्यानं हे थांबत नाही. अकराला उचलून नेल्यानं त्या रात्रीची चादर वाचते, मूल मात्र त्यातून काही शिकत नाही. प्रवासात चादर वाचवायची असेल तर खुशाल न्या.

औषधाचं वेगळं लिहिते, ओपीडीची वेळ झाली.

---

स्पष्टवक्ता | ११ एप्रिल, संध्या. ६:०५

साडेसात वर्षांच्या घोड्याला डायपर? सवय लागेल. आमच्या वेळी एक ठेवून दिली की सगळं बंद व्हायचं.

---

बर्डीवाला | ११ एप्रिल, संध्या. ६:३०

मला ठेवून दिल्या होत्या. आठवीपर्यंत. मोजून सांगू?

---

चांदणवेल | ११ एप्रिल, रात्री ९:५०

त्या वादात शिरत नाही. झोपेत झालेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी दिली तर मूल भ्यायला शिकतं, पिशवी काही शिकत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१० साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यातही हेच आहे, मुलाचा दोष नाही आणि शिक्षा करू नये.

औषध. डेस्मोप्रेसिन नावाची गोळी असते, त्या व्हॅसोप्रेसिनचीच नक्कल. जिभेखाली विरघळणारीही येते. सहल, लग्नघर, परदेश अशा थोड्या दिवसांच्या गरजेसाठी ती वाजवी आहे, पण तिचा कायदा कडक. गोळीच्या आधी एक तासापासून नंतरच्या आठ तासांपर्यंत पाणी जवळजवळ बंद, लागलंच तर दोन-चार घोट. गोळी मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावते. वरून पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, उलटी आणि पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून उलट्या-जुलाब, ताप असेल त्या दिवशी गोळी नाही. नाकात मारायचा फवारा या कामासाठी वापरू नका, याच कारणानं अमेरिकेत २००७ मध्ये त्याची ही परवानगी काढून घेतली. विमानात गोळी देऊ नका, तिथे झोपेची वेळ ठरलेली नसते आणि दर तासाला कोणीतरी रसाचा पेला पुढे करतं. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. निघायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी घरी वापरून बघा. काहींना लागूच पडत नाही, ते लंडनमध्ये कळून उपयोग नाही. धंतोलीच्या मोठ्या मेडिकलमध्येही आधी सांगून ठेवावं लागेल. मूळ पाकीट आणि इंग्रजी चिठ्ठी हातातल्या बॅगेत.

चड्डीला लावायचा अलार्मही असतो, थेंब पडला की वाजतो. लांबच्या पल्ल्याला तोच चांगला, पण दोन-तीन महिने चिकाटी लागते आणि सुरुवातीला मूल सोडून अख्खं घर उठतं. पाहुण्याच्या घरी ते नाटक सुरू करू नका. आल्यावर.

आता घड्याळ. मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. लेक इथे साडेनऊला झोपतो धरा, म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच. आणि त्याचं शरीर सकाळचे सहा समजतं तेव्हा तिथे रात्रीचा दीड. सकाळ झाली म्हणून मूत्रपिंड कामाला लागतात आणि हा तर गाढ झोपलेला. पहिले तीन-चार दिवस नेहमीपेक्षा जास्त ओलं होईल. त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल सगळंच बिघडलं.

---

राइनकाठ | १२ एप्रिल, रात्री १:१०

मूळची इतवारीची, आता जर्मनीत, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा दांडगा अनुभव.

डॉक्टरांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते. इकडची खरी पंचाईत रजई. चादर धुऊन दोन तासांत होते, रजई भिजली की ती यंत्रात मावत नाही, वाळायला दोन दिवस, आणि तुमचं नागपूरचं ऊन इकडे नाही. म्हणून आपल्याकडून पातळ सोलापुरी चादर किंवा सुती दुलई आणा, मुलाला तीच पांघरायला द्या, रजई पायथ्याशी गुंडाळून ठेवा. "त्याला आपल्या घरचंच पांघरूण लागतं" हे कोणालाही पटतं.

गादीवर थर लावायचे. वॉटरप्रूफ कव्हर, चादर, त्यावर दुसरं मेणकापड, दुसरी चादर. रात्री वरचे दोन काढले की खाली कोरडं अंथरूण तयार. अंधारात, कोणाला न उठवता. ओलं झालेलं आधी थंड पाण्यातून काढा, गरम पाण्यानं वास बसतो. गालिच्यावर सांडलंच तर चोळू नका, जाड टॉवेल ठेवून वर उभं राहा, मग खायचा सोडा, सकाळी व्हॅक्यूम.

डायपरच्या पॅन्टचं ओझं तिकडून वाहून नेऊ नका, विमानापुरत्या न्या. ब्रिटनमध्ये ड्रायनाइट्स मिळतात, बूट्स आणि टेस्कोतही, मोठ्या मुलांच्या मापाच्या. दिसायला साध्या चड्डीसारख्या, आवाज करत नाहीत. अमेरिकेत त्यांनाच गुडनाइट्स म्हणतात. माझ्या सासऱ्यांना यादीत लिहून दिलं होतं, त्यांनी दुकानात डास पळवायची वडी मागितली.

हॉटेलात लपवाछपवी करू नका. बहुतेक गाद्यांना आतून संरक्षक कव्हर असतंच. सकाळी खाली जाऊन चादर बदलून हवी एवढं म्हणायचं, टेबलावर थोडी टीप ठेवायची. त्यांनी याहून पुष्कळ वाईट पाहिलेलं असतं.

आणि जाऊबाईंना आधी सांगा. तिथे जाऊन पहाटे तीनला यंत्र कसं लावायचं हे विचारण्यापेक्षा आत्ता सांगणं सोपं.

(विषयांतर: पेढे-बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये बाहेरून आणता येत नाहीत. चिवडा न्या.)

---

नवतपा | १३ एप्रिल, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे वगैरे नाही लिहीत, पण दोनदा रडले. एकदा बाटलीवर, एकदा "लाड कुठे आले" वर.

चांदणवेल, चौकशी केली. नवऱ्याला विचारलं, तुला होतं का. तो म्हणाला मला काही आठवत नाही. सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आठवत नाही कसं? तुझी गादी रोज गच्चीवर कोण चढवत होतं? मोठ्याची पण." नवरा उठून आत गेला. मोठ्याची पण म्हणजे भासऱ्यांची. साडेसात वर्षांत त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. का, तर "विचारलं कुठे तू".

जाऊबाईंना सांगायचं धाडस मात्र होत नाहीये.

---

तर्रीपोहा | १४ एप्रिल, सकाळी ८:००

व्हॉट्सअॅप करा आन् फोन उलटा ठेवून पोहे करा. परत येईपर्यंत उत्तर आलेलं असते.

---

नवतपा | ३ मे, रात्री १०:२०

अपडेट.

रामदासपेठेत एका डॉक्टर बाईंना दाखवलं. त्यांनी लेकाशी आधी बोलून घेतलं, माझ्याशी नंतर. लघवी-साखर ठीक. पोट गच्चच होतं, तुम्ही म्हणालात तसं. आठवडाभर पोटाचं औषध दिलं, तेवढ्यानंच आठवड्याच्या पाचाच्या तीन झाल्या! मग गोळी सुरू केली. बारा रात्रींत तीन ओल्या. शाळेची बाटली आता रिकामी होऊन येते, कारण तिच्यावर त्यानं स्वतः मार्करनं रेघ मारली आहे, मधल्या सुट्टीपर्यंत इथवर.

बर्डीवाला दादा, तुमचं ऐकून घरीच तालीम केली. दिवे बंद, तो बिछान्यात, मी घड्याळ लावलं. उठ, वरची चादर ओढ, मेणकापडासकट गुंडाळ, निळ्या चेनच्या पिशवीत टाक, कोरडी चड्डी. पहिल्यांदा पाच मिनिटं, तिसऱ्यांदा दीड. आता त्याला त्यात विक्रम करायचाय. पॅन्ट घालायची की नाही ते त्याच्यावर सोडलं. म्हणाला, विमानात आणि दादांच्या खोलीत घालीन, हॉटेलात नाही.

जाऊबाईंना आवाजी निरोप पाठवला, दोनदा पुसून तिसऱ्यांदा. फोन उलटा ठेवला. उत्तर असं: दुकानातल्या गादीच्या कव्हरचा फोटो, आणि खाली "सिंगल की डबल?" मग दुसरा निरोप, "गालिच्याची काळजी करू नको, आमच्या कुत्र्यानं त्याचं केव्हाच वाटोळं केलंय, फोटोत दिसत नाही."

मी दोन महिने त्या गालिच्याला घाबरून होते.

---

राइनकाठ | ४ मे, रात्री १२:४५

सिंगल की डबल! अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं.

---

महालची_आजी | ४ मे, सकाळी ११:००

डॉक्टर बाई बरोबर बोलल्या पाण्याचं. तिळाचे लाडू तरी देत जा गं.

---

नवतपा | ५ जून, दुपारी ४:१०

परवा परतलो. नागपुरात पाय ठेवला आणि विमानाच्या शिडीवरच भट्टीची वाफ.

विमानात फजिती झाली नाही. लघवीला नेलं ते सोनेगावला आत शिरायच्या आधी एकदा, विमानात बसल्यावर पट्ट्याचा दिवा लागायच्या आत एकदा, आणि जेवणाच्या गाड्या येण्याआधी. गाड्या आल्या की वाट अडते आणि नंतर रांग लागते, हे आम्हाला जाताना कळलं. दोह्यात बदललं. पॅन्ट ओली होती पण बाहेर थेंब नाही. माझा जादा जोड तसाच परत आला, तर्रीपोहा भाऊ, तरी पुढच्या वेळीही नेईन.

एकोणीस रात्रींत सहा ओल्या. त्यातल्या तीन पहिल्या चार दिवसांत, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशाच, एकदा तर मी घड्याळ पाहिलं, पावणेदोन. त्याला आधीच सांगितलेलं असल्यानं तो डोळे न उघडता म्हणाला, "नागपुरात सकाळ झाली," आणि पिशवी घेऊन न्हाणीघरात गेला. एका दिवशी पोट बिघडलं म्हणून गोळी दिली नाही. हॉटेलात एकदा झालं, खाली सांगितलं, चादर आली, विषय संपला.

दादांना कळलं का? कळलं. धाकट्या दादानं बॅगेतलं पाकीट पाहून विचारलं हे काय. लेक म्हणाला, "रात्रीची चड्डी." तो "ओके" म्हणाला आणि परत खेळात डोकं घातलं. मी दाराआड श्वास रोखून उभी होते, त्याची काही गरज नव्हती.

फजिती झाली ती वेगळीच. आम्ही सगळी तयारी रात्रीची केली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला बाहेर लख्ख ऊन, सगळे दिवाणखान्यात चहा घेत होते, आणि हा सोफ्यावर बसल्या बसल्या कलंडला. शरीराच्या हिशोबानं रात्रीचे दहा. ना पॅन्ट, ना मेणकापड, नुकताच सफरचंदाचा रस प्यायलेला. पंधरा-वीस मिनिटांनी मी पाहिलं तेव्हा फिकट राखाडी सोफ्यावर डाग पसरत होता, आणि दोन्ही दादा समोर बसलेले.

मी उठायच्या आत सासूबाईंनी हातातला पाण्याचा पेला तिथेच आडवा केला. सगळाच. "अगं बाई, सांडलं की गं माझ्या हातून. उठव त्याला, भिजला बघ." त्यांनी हा धागा वाचलेला नाही. त्यांना व्हॉट्सअॅपही नीट येत नाही. मला ते आवडलं नाही, कारण आपण लपवायचं नाही असं ठरलं होतं, आणि आवडलंही. जाऊबाईंनी एक शब्द न बोलता उशीचं कव्हर काढलं, थंड पाणी, भांड्यांचा साबण, वर सोडा. सकाळी डाग नव्हता. रात्री लेकानं मला विचारलं, "आजीचा पेला खरंच सांडला का?" मी म्हटलं, तिलाच विचार. तो विचारायला गेला नाही. पण त्या रात्रीपासून चहाच्या वेळेआधी तो आपणहून जाऊन पॅन्ट घालून येत असे, दिवस सरळ होईपर्यंत चार दिवस.

लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी संध्याकाळच्या त्या डुलकीचं लक्षात ठेवा. तेवढं एकच आम्ही कोणी धरलं नव्हतं.

आता शाळा सुरू झाली की अलार्म आणायचा आहे. कोणाकडे अनुभव असेल तर सांगा, कूलरच्या आवाजात ऐकू येतो का?

---

बर्डीवाला | ५ जून, संध्या. ७:२५

आजींना माझा नमस्कार सांगा.

---

चांदणवेल | ५ जून, रात्री ९:४०

संध्याकाळची डुलकी माझ्याही डोक्यात आली नव्हती, आता पालकांना सांगत जाईन. अलार्म कूलरच्या आवाजात मोठ्यांना ऐकू येतो, मुलाला नाही, आणि सुरुवातीला कूलर नसला तरी त्याला ऐकू येत नसतोच. पहिले काही आठवडे तुम्हीच त्याला उठवायचं. थरथरणाराही मिळतो. गोळी हळूहळू कशी कमी करायची ते तुमच्या बाईंना विचारून घ्या, मनानं नको.

---

नवतपा | ६ जून, सकाळी १०:१५

बरं. ड्रायनाइट्सचं एक पाकीट न फोडता परत आलंय, मोठ्या मापाचं, लेकाला ढगळ होतं. मनीषनगर किंवा आसपास कोणाला हवं असेल तर विपुत (विचारपुशीत) निरोप टाका, पैसे नकोत.

---

सावली_२ | ६ जून, सकाळी १०:२१

मला हवंय. मुलगी अकराची आहे, पंचवीस जूनला तिचं शिबिर आहे. कुठे येऊ?